हलाव, हलेव आणि हेलेव : दुधाविषयीचे यहुदी शब्द मराठीत कसे म्हणावेत, कसे लिहावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांच्या, स्वयंपाकावरचा इंग्रजी मजकूर तुम्ही मराठीत आणताय. त्यात दुधाविषयीची एकच संज्ञा कुठे ‘चोलोव यिस्रोएल’ वाचली जाते, कुठे ‘खलाव’, कुठे ‘हलाव’. त्यातच हिब्रू शिकलेल्या तुमच्या मैत्रिणीने सांगितलं की व्याकरणाप्रमाणे ‘हलेव इस्राएल’ हवं. मग बरोबर काय, आणि मराठीत छापायचं काय?

मी बेने इस्राएल, मूळचा अलिबागकडचा. पंचवीसएक वर्षं दूधप्रकल्पांत आणि गोठ्यांवर मशगीआह म्हणून, म्हणजे कोशेर या यहुदी आहारनियमांची देखरेख करणारा म्हणून काम केलं, आणि आमच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनागृहात, मुलांना हिब्रू वाचायला शिकवलं. त्यामुळे हा शब्द मी टँकरच्या झाकणावरही पाहिला आहे आणि तोराच्या, म्हणजे पवित्र शास्त्राच्या पहिल्या पाच पुस्तकांच्या, गुंडाळीतही. आधी उत्तर देतो: मराठीत ‘हलाव इस्राएल’ लिहा. ‘हलाव’ म्हणजे दूध, आणि ही संज्ञा यहुद्याच्या नजरेखाली काढलेल्या दुधाची. तुमची मैत्रीण व्याकरणात चूक नाही. तरीही हेच लिहा. कारणं सविस्तर सांगतो, कारण या शब्दात एक स्वर इकडचा तिकडे झाला तर नुसता उच्चार बिघडत नाही, खाण्याचा कायदाच बदलतो.

सुरुवात पहिल्या अक्षरापासून. हिब्रूत हा शब्द तीन व्यंजनांचा आहे: हेत, लामेद, बेत. ‘हेत’चा जुना उच्चार घशातून येणाऱ्या हकाराचा. येमेनी आणि अरबी प्रदेशांतल्या यहुद्यांनी तो जपला. युरोपातल्या अश्केनाझी यहुद्यांच्या तोंडी, आणि आजच्या इस्राएलमध्ये बहुतेकांच्या तोंडी, तो घशात घासून येणाऱ्या ख-सारखा होतो. आमच्या बेने इस्राएली वाचनात तो साधा ‘ह’ आहे. इंग्रजीत हा ध्वनी दाखवायला जी दोन अक्षरं (ch) जोडतात, ती मराठी माणूस सवयीने ‘च’ वाचतो. ‘चलाव’ आणि ‘चोलोव’ हे तिथून आले. हिब्रूत या शब्दात ‘च’ कुठेच नाही, तो पहिल्यांदा काढून टाका. ‘ख’ लिहावा का? आपला ‘ख’ म्हणजे क-ला जोराचा श्वास, आणि हिब्रूतला तो ध्वनी वेगळा. नुक्ता देऊन फरक दाखवण्याची रीत मराठी छपाईत नाही. मग ‘ह’ जवळचा, आणि तो आमच्या माणसांच्या तोंडचाही आहे.

शेवटचं ‘बेत’ हे अक्षर आत टिंब असेल तर ‘ब’, नसेल तर ‘व’. इथे टिंब नाही, म्हणून ‘व’. मराठी ‘व’ चालतो.

आता ‘आ’ की ‘ओ’. शब्दाच्या पहिल्या दोन अक्षरांखाली कामात्स नावाची स्वरखूण आहे. सफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या यहुद्यांच्या, परंपरेत आणि आधुनिक हिब्रूत ती ‘आ’ वाचतात, अश्केनाझी परंपरेत ‘ओ’. म्हणून एकाचं ‘हलाव’ ते दुसऱ्याचं ‘खोलोव’. हसिदी या यहुदी भक्तिपंथाच्या घराण्यांपैकी काहींत तो ‘ओ’ आणखी उकाराकडे झुकतो. ‘यिस्राएल’चं ‘यिस्रोएल’ होतं तेही याच खुणेमुळे. यात कोणी शुद्ध, कोणी अशुद्ध नाही. पणजोबांनी जसं म्हटलं तसं म्हणावं, हीच सिनेगॉगमधली रीत. गंमत अशी की तुम्ही आणि मी सर्रास ज्याला ‘कोशेर’ म्हणतो तो याच ओकाराचा शब्द आहे; हिब्रूत तो ‘काशेर’. जगाने तो यिद्दिश ही भाषा बोलणाऱ्या युरोपातल्या यहुद्यांकडून उचलला, मराठीतही तसाच रुळला. रुळलेला शब्द मोडू नका. ‘कोशेर’ ठेवा आणि ‘हलाव’ ठेवा. एका पानावर दोन परंपरांचे स्वर आले म्हणून काही बिघडत नाही.

मैत्रिणीचा मुद्दा जास्त खोल आहे. मराठीत ‘दूध’ला प्रत्यय लागला की ते ‘दुधा’ होतं, दुधाचं, दुधात. त्याला आपण सामान्यरूप म्हणतो. हिब्रूतही संबंध दाखवताना नाम बदलतं, पण उलट्या बाजूने. मराठीत मालक वाकतो: गाय, गाईचं दूध. हिब्रूत मालकीची वस्तू वाकते, मालक जसाच्या तसा राहतो. पनवेलच्या सिनेगॉगचं नाव पाहा: बेथ एल. ‘घर’ म्हणजे ‘बायित’, ‘देवाचं घर’ म्हणायचं तर ‘बायित’चं ‘बेत’ झालं. ‘एल’, म्हणजे देव, तसाच राहिला. त्या न्यायाने ‘हलाव’चं संबंधी रूप ‘हलेव’. पवित्र शास्त्रात तेच आहे. नीतिसूत्रांच्या 27व्या अध्यायात शेळ्यांचं दूध ‘हलेव इझ्झीम’. यशयाच्या 60व्या अध्यायात राष्ट्रांचं दूध ‘हलेव गोयीम’. आणि निर्गम 23:19 मधलं ते प्रसिद्ध वाक्य, ज्यावर मांस आणि दूध वेगळं ठेवण्याचा सगळा नियम उभा आहे, ‘लो तेवाशेल गेदी बाहलेव इम्मो’: करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको. तिथेही ‘हलेव’. हे वाक्य तोरामध्ये तीनदा येतं, आणि त्यातून ज्ञान्यांनी तीन मनाया काढल्या: एकत्र शिजवू नये, खाऊ नये, आणि तशा अन्नाचा कुठलाही फायदा घेऊ नये.

मग बोलताना ‘हलाव इस्राएल’ का रुजलं? तीन कारणं मला पटतात.

पहिलं, शेजारच्या संज्ञा. ‘हलाव नोख्री’, म्हणजे परक्याचं दूध, यात ‘नोख्री’ हे विशेषणही असू शकतं, आणि विशेषणापुढे नाम बदलत नाही. मराठीत ‘गावठी तूप’ आणि ‘गावाचं तूप’ यांत जो फरक, तोच. ‘हलाव स्ताम’ म्हणजे ‘साधं दूध’, तिथेही ‘हलाव’च बरोबर. या दोघांच्या पंगतीत बसून ‘हलाव इस्राएल’ आणि ‘हलाव अकूम’ (यहुद्याने न पाहिलेलं दूध) हेही तसेच बोलले जाऊ लागले.

दुसरं कारण मला वर्गात शिकवताना उमगलं. ‘दावार’, ‘झाहाव’ अशा याच घाटाच्या शब्दांची संबंधी रूपं ‘देवार’, ‘झेहाव’ होतात. शेवटचा स्वर कानाला ‘आ’च राहतो. त्या नेहमीच्या नियमाने ‘हलाव’चं संबंधी रूपही कानाला ‘हलाव’च वाटायला हवं होतं. ‘हलेव’ हा अपवाद आहे. बोलणारे अपवाद विसरतात आणि नियमाकडे परत जातात, जगातल्या सगळ्या भाषांत. (हे स्पष्टीकरण अश्केनाझी ‘खोलोव’ला लागू पडत नाही, तिथे मूळ रूपच सरळ उचललं आहे.) आज इस्राएलमध्ये शेळीच्या दुधाच्या खोक्यावर स्वरखुणांशिवाय तीन अक्षरं छापलेली असतात, आणि गिऱ्हाईक ‘हलाव इझ्झीम’ म्हणून ते मागतं. व्याकरण शिकवणारा ‘हलेव’ म्हणेल. दूध दोघांनाही मिळतं.

याची उलटी बाजू चीजमध्ये दिसते. चीज म्हणजे ‘गेविना’. यहुद्याच्या देखरेखीखालचं चीज ‘गेविनात इस्राएल’, आणि इथे मात्र कोणीही ‘गेविना इस्राएल’ म्हणत नाही. स्त्रीलिंगी नामांचा तो ‘-आत’ हजारो शब्दांत येतो, कान तो सोडत नाही. दूध भुकटीच्या ‘अवकात हलाव’मध्येही तेच.

तिसरं कारण माझं स्वतःचं मत आहे, पण ठाम आहे: ‘हलेव’ हा ‘हेलेव’च्या फार जवळ जातो.

‘हेलेव’ म्हणजे चरबी. बैल, मेंढी, बकरा यांच्या आतड्यांवरची, मूत्रपिंडांभोवतीची, कमरेजवळची ती चरबी, जी वेदीवर अर्पण व्हायची आणि जी खायला लेवीय 7व्या अध्यायात सक्त मनाई आहे. तिची शिक्षा ‘कारेत’, म्हणजे आपल्या लोकांतून तोडलं जाणं. खायला चालणाऱ्या चरबीला वेगळा शब्द आहे, ‘शुमान’. म्हणजे दूध आणि निषिद्ध चरबी यांची व्यंजनं तीच, हेत, लामेद, बेत, आणि तोराच्या गुंडाळीवर स्वरखुणा नसतात. वाचणाऱ्याला तोंडपाठ ठाऊक असायला हवं. अनुवाद या पुस्तकाच्या 32व्या अध्यायात 14व्या वचनात तर दोघं एका श्वासात येतात: ‘वहलेव त्सोन इम हेलेव कारीम’, शेरडामेंढरांचं दूध आणि कोकरांची चरबी. मी हे वचन मुलांकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायचो. एक ‘हलेव’, मधे दोन शब्द सोडून ‘हेलेव’. ज्याला ते न अडखळता म्हणता येतं, त्याला दोघांतला भेद पुन्हा सांगावा लागत नाही.

तल्मूदनेही, म्हणजे ज्ञान्यांच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथसंग्रहानेही, हा प्रश्न अगदी समोरासमोर घेतला आहे. सन्हेद्रिन या ग्रंथात, 4थ्या पानावर चर्चा आहे: करडाच्या त्या वाक्यात ‘इम्मो’च्या आधीची तीन अक्षरं दूध म्हणूनच वाचायची हे कशावरून? चरबी का नाही? एक उत्तर असं की वाचनाची परंपरा हाच आधार. पण चर्चा तिथे थांबत नाही. पुढे म्हटलं आहे की तोराने ‘शिजवणं’ मना केलं आहे. करडू दुधात शिजतं. चरबीत टाकलं तर ते तळलं जातं, त्याला शिजवणं म्हणत नाहीत. क्रियापदाने नामाचा स्वर पक्का केला. मला हा युक्तिवाद फार आवडतो, कारण तो चुलीजवळ उभं राहून केलेला आहे.

एकदा एक मुलगा बार मित्स्वाच्या, म्हणजे तेराव्या वर्षीच्या धर्मविधीच्या, तयारीत ‘बहेलेव इम्मो’ वाचून गेला. मी त्याला थांबवून मागे नेलं. तो म्हणाला, ‘सर, एवढा एकच स्वर.’ वाचनात अर्थ बदलणारी चूक झाली तर वाचणाऱ्याला परत वाचायला लावायचं, हा सिनेगॉगचा नियम आहे. एवढा एकच स्वर असला तरी.

आता संज्ञेचा अर्थ, कारण उच्चारापेक्षाही मोठी गफलत इथे होते. ‘हलाव इस्राएल’ म्हणजे इस्राएल देशातून आलेलं दूध नव्हे. इथे ‘इस्राएल’ म्हणजे यहुदी माणूस. इसवी सन 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नामध्ये, म्हणजे यहुदी नियमांच्या संग्रहात, यहुद्यासाठी हाच नेहमीचा शब्द आहे. आमच्या ‘बेने इस्राएल’ नावातही तोच अर्थ आहे, आणि ते नाव 1948च्या राष्ट्राहून कितीतरी जुनं. मिश्नाचं वाक्य असं: ‘हलाव शेहलावो गोय, वेएन यिस्राएल रोएहू’. परक्याने काढलेलं आणि यहुद्याने न पाहिलेलं दूध. नजर हा मुद्दा आहे. दूध कोणी काढलं, गोठा कोणाचा, याला महत्त्व नाही. त्यामागची भीती एवढीच की गाईम्हशीच्या, शेळीमेंढीच्या दुधात निषिद्ध प्राण्याचं, म्हणजे गाढवीचं किंवा उंटिणीचं दूध मिसळलं तर? उंटिणीचं दूध आपल्याकडे कच्छमध्ये विकलं जातं, त्यामुळे भारतात काम करणाऱ्याला ही भीती निव्वळ पुस्तकी वाटत नाही. (म्हैस चालते. ती रवंथ करते आणि तिचे खूर दुभंगलेले असतात.)

आणि ‘पाहणं’ म्हणजे प्रत्येक धार डोळ्यांसमोर पडणं नव्हे. तल्मूद सांगतो की यहुदी कळपाशेजारी बसलेला असला आणि दूध काढणाऱ्याला ठाऊक असलं की हा केव्हाही उठून बघेल, तर पुरे. माझं काम तसंच चालायचं. पहाटे दोहण्याआधी पोहोचायचं, किटल्या आणि टाक्या रिकाम्या आहेत ते हात घालून पाहायचं, गोठ्यात कोणती जनावरं आहेत ते फिरून बघायचं, मग अशा जागी बसायचं की माझं उठणं-बसणं सगळ्यांना दिसेल. टँकर भरला की झाकणाला आणि तोटीला सील, सीलचा आकडा वहीत. गवळ्यांना मी कधी ‘तुमच्यावर विश्वास नाही’ असं वाटू दिलं नाही. ‘आमच्यात बसून पाहायची पद्धत आहे,’ एवढं सांगितलं की ते माझ्यासाठी खाट टाकायचे.

‘हलाव अकूम’ म्हणजे न पाहिलेलं दूध. ‘अकूम’ हे ‘तारे आणि नक्षत्रांचे पूजक’ या अर्थाच्या हिब्रू शब्दांच्या आद्याक्षरांतून बनलं आहे. जुन्या छापील ग्रंथांत सेन्सॉरच्या धाकाने ‘गोय’ किंवा ‘नोख्री’च्या जागी ते बसलं. मराठीत ते तसंच छापण्यापेक्षा ‘हलाव नोख्री’ लिहा, सभ्यही आणि जुनंही. ‘हलाव स्ताम’ची कथा अमेरिकेतली. 1950च्या दशकात न्यूयॉर्कचे राब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी निवाडा दिला की सरकारी तपासणी आणि दंडाच्या भीतीने कंपन्या भेसळ करत नाहीत ही खात्री इतकी पक्की आहे की ती प्रत्यक्ष पाहण्यासारखीच. त्यांनी त्याला ‘कंपन्यांचं दूध’ म्हटलं. तरीही जे स्वतःवर कडक नियम घालून घेतात त्यांनी देखरेखीचंच प्यावं, असंही सुचवलं. म्हणून आजही एका यहुदी घरात ‘साधं’ दूध चालतं, शेजारच्या घरात चालत नाही, आणि दोघंही नियमात असतात. तुमच्या मजकुरात ‘हलाव स्ताम’ला ‘भेसळीचं’ किंवा ‘अशुद्ध’ असा शब्द चुकूनही येऊ देऊ नका.

चीजचा नियम वेगळा. तिथे भीती विरजणाची, म्हणजे दूध गोठवायला वापरल्या जाणाऱ्या वासराच्या जठरातल्या रसाची. त्याच्याशी जोडलेला एक प्रसंग तुमच्या विषयात चपखल बसतो. मिश्नामध्ये राब्बी यिश्माएल आणि राब्बी यहोशुआ वाटेने चालले आहेत. यिश्माएल विचारतात, परक्यांचं चीज का मना केलं? यहोशुआ एक कारण देतात, यिश्माएल ते खोडतात. दुसरं देतात, त्यावरही शंका निघते. मग यहोशुआ विषय बदलतात आणि विचारतात, ‘यिश्माएल, बंधो, गीतरत्नातलं ते वचन तू कसं वाचतोस, दोदेखा की दोदायिख?’ म्हणजे ‘तुझं प्रेम’ यातला ‘तुझं’ पुरुषाला उद्देशून की स्त्रीला? यिश्माएल स्त्रीलिंगी सांगतात. यहोशुआ पुढच्या वचनाचा पुरावा देऊन पुल्लिंगी ठरवतात. चीजच्या नियमाच्या मधोमध स्वराचा वाद! स्वर आणि खाणं आमच्या ग्रंथांत असे शेजारी शेजारीच राहतात.

लोण्याबद्दल एकच सांगतो, कारण ते आपल्या स्वयंपाकघराचं आहे. बाराव्या शतकातल्या राम्बामने, म्हणजे मोशे बेन मैमोनने, मिश्ने तोरा या आपल्या कायदाग्रंथात लिहिलं की परक्याचं लोणी दुधाचे थेंब आटून जाईपर्यंत कढवलं तर ते चालतं. आपण त्याला तूप म्हणतो. लोणी हिब्रूत ‘हेमआ’.

आता पाककृतींकडे. तीन शब्द लागतील: ‘हलावी’ म्हणजे दुधाचं, ‘बेसारी’ म्हणजे मांसाचं, ‘पार्वे’ म्हणजे दोन्ही नव्हे. ‘पार्वे’ला ‘शाकाहारी’ लिहू नका, ही चूक मी सर्वांत जास्त पाहिली आहे. मासे आणि अंडी पार्वे आहेत. उलट, पाकिटावरचा हिरवा ठिपका पेढ्यावरही असतो, आणि पेढा हलावी आहे, मटणानंतर चालणार नाही.

नारळाचं दूध हे हलाव नव्हे. कोकणात आमच्या बायकांनी मटणात नारळाचं दूध घातलं, खिरीच्या सणाची खीर नारळाच्या दुधात केली, ते याचसाठी. मूळ मजकुरात नुसतं ‘दूध’ असेल तर प्रत्येक ठिकाणी तपासा आणि ‘नारळाचं’ हा शब्द गाळू नका. युरोपात बदामाच्या दुधाबद्दल हीच अडचण आली, तेव्हा पाहणाऱ्याचा गैरसमज होऊ नये म्हणून मांसाच्या त्या पदार्थासोबत बदाम ठेवायची रीत राब्बी मोशे इस्सर्लेस यांनी नोंदवली.

आणि चिकाचा हलवा. रोश हशाना, म्हणजे आमच्या नवीन वर्षाच्या सणाला तो घरोघर होतो. मराठी वाचक ‘चीक’ म्हटलं की व्यालेल्या गाईच्या पहिल्या दुधाकडे, खरवसाकडे वळेल. हा चीक गव्हाचा आहे, भिजवून वाटून काढलेला, आणि शिजतो नारळाच्या दुधात. ‘गव्हाच्या चिकाचा हलवा’ असं पूर्ण लिहा. शिवाय ‘हलवा’, ‘हलाल’ आणि ‘हलाव’ यांची मुळं वेगवेगळी आहेत, जवळचा नातलग फक्त अरबी ‘हलीब’, तोही दूधच. मुद्रितं स्वतः वाचा. एका माहितीपत्रकात मी ‘हलाव इस्राएल’ लिहून दिलं होतं. तपासणाऱ्याने सगळीकडे ‘हलवा इस्राएल’ केलं आणि ते तसंच छापलं गेलं. तेव्हापासून पहिल्यांदा शब्द येतो तिथे मी अर्थ सोबत लिहितो: ‘हलाव इस्राएल, यहुद्याच्या नजरेखाली काढलेलं दूध’. तुम्हीही तसंच करा. ‘हलेव’ फक्त शास्त्रवचन उद्धृत करताना वापरा, आणि ‘हेलेव’ आला की शेजारी ‘चरबी’ लिहायला विसरू नका.